हवा गेली तरी धावणारा टायर

मोटारीचे वजन टायरचे रबर पेलते, असे तुम्हांला वाटत असेल. खरे म्हणजे ते पेलते आतली दाबलेली हवा. हिशेब करून पाहा. मोटार १२०० किलोग्रॅमची, म्हणजे प्रत्येक चाकावर सुमारे ३००. हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला २ किलोग्रॅम धरला, तर टायर जमिनीला टेकतो तो अवघा १५० चौरस सेंटिमीटर, जेमतेम हाताच्या पंजाएवढा!

‘रन-फ्लॅट’ टायरच्या बाजूच्या भिंती मात्र जाड व ताठ असतात. हवा गेली, की भार त्या उचलतात. साधारणपणे ताशी ८० किलोमीटरच्या आत राहून ८० किलोमीटर जाता येते. पण ताठ भिंत कमी दबते, त्यामुळे खड्ड्याचा हिसका थेट पाठीला कळतो. म्हणूनच बीएमडब्ल्यूसारख्या गाड्यांचे काही मालक त्यांऐवजी साधे टायर बसवतात.

खुशाल बसवावेत, चारही एकदम. मात्र आधी डिकी उघडून पाहावी. अशा गाडीत बहुधा स्टेपनी नसते, जॅकही नसतो! निदान पंक्चर बुजवण्याचे सामान आणि पंप तरी हवाच. कारण हवा गेलेला साधा टायर तसाच दामटला, तर रिमखाली चिरडून थोड्याच अंतरात निकामी होतो.