कीटकांच्या अंड्यांचे आकारमान आणि गर्भाची वाढ

कोंबडी अंड्यांवर बसली की एकविसाव्या दिवशी पिले बाहेर येतात, हे घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. बदकाच्या अंड्याला अठ्ठावीस दिवस लागतात, शहामृगाच्या अंड्याला सुमारे बेचाळीस. यावरून साहजिकच वाटते की, अंडे जितके मोठे तितका आतल्या गर्भाला वाढायला वेळ अधिक. हाच नियम कीटकांना लागू पडतो काय? हिमायतनगरसारख्या कापूस पिकविणाऱ्या भागात हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाही. त्याचा संबंध शेतातल्या बोंडाशी आहे.

नेहमीच्या पाहण्यातली उदाहरणे घेऊ. घरमाशीचे अंडे सुमारे सव्वा मिलिमीटर लांब असते आणि रेशीमकिड्याचेही जवळजवळ तेवढेच. परंतु उन्हाळ्यात माशीच्या अंड्यातून एका दिवसाच्या आत अळी निघते, तर रेशीमकिड्याचे अंडे उबवणीस ठेवल्यावर दहा-एक दिवस वाट पाहावी लागते. गुलाबी बोंडअळीचे अंडे या दोहोंपेक्षा लहान, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचे, खसखशीच्या दाण्याहूनही बारीक. तरीही ते फुटायला साधारण तीन ते पाच दिवस लागतात. म्हणजे आमचा नियम येथे कोलमडला!

हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ साली हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर तपासला. सहा हजार सातशेहून अधिक जातींच्या कीटकांच्या अंड्यांच्या दहा हजारांवर नोंदी त्यांनी जुन्या-नव्या ग्रंथांतून गोळा केल्या. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या अंड्यांच्या घनफळात कोट्यवधी पटींचे अंतर आढळले. तथापि, कीटकांची परस्परांशी असलेली नाती जमेस धरून पाहता, अंड्याचे आकारमान आणि गर्भाच्या वाढीचा वेग यांचा मेळ काही बसला नाही. मेळ बसला तो निराळ्याच गोष्टीशी : आई अंडे कोठे घालते, याच्याशी. पाण्यात किंवा दुसऱ्या प्राण्याच्या शरीरात अंडी घालणाऱ्या कीटकांची अंडी पुन्हापुन्हा लहान झालेली दिसतात.

दुसऱ्याच्या शरीरात अंडे घातले, तर ते लहान असून कसे चालते? अंड्यातला बलक ही आईने बाळाबरोबर दिलेली शिदोरी होय. जेथे मुक्कामाच्या जागीच जेवण तयार आहे, तेथे शिदोरी कशाला बांधावी? ट्रायकोग्रामा नावाची अर्ध्या मिलिमीटरची गांधीलमाशी हेच करते. ती आपले अंडे बोंडअळीच्या अंड्यात घालते. तत्पूर्वी ती त्या अंड्यावर चालून, मिशांनी चाचपून त्याचे मोजमाप घेते आणि अंडे मोठे असेल तर आपली अंडी अधिक घालते. तिच्या बाळांची अंगलट स्वतःच्या अंड्यापेक्षा या परक्या अंड्यावरच ठरते. ते लहान असेल तर निघणारी माशीही लहान आणि कमी अंडी घालणारी निपजते. काही दिवसांत बोंडअळीचे अंडे काळे पडते आणि साधारण आठ-दहा दिवसांनी त्यातून अळीऐवजी गांधीलमाशी बाहेर येते.

२०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातील कापसाचे केवढे नुकसान केले, ते येथे सांगावयास नको. अंड्यातून निघालेली अळी एकदा बोंडात शिरली की फवारा तिच्यापर्यंत पोहोचत नाही. तेव्हा तिला अंड्यातच गाठणे शहाणपणाचे. तांदळावरील पतंगाच्या अंड्यांत ही माशी वाढवून ती अंडी कागदावर चिकटवतात; त्यालाच ट्रायकोकार्ड म्हणतात. ही कार्डे पानांच्या खालच्या बाजूस, पतंग अंडी घालू लागतात त्याच वेळी लावावी लागतात. कारण आतला गर्भ पुष्कळसा वाढलेले जुने अंडे या माशीच्या फारसे उपयोगी पडत नाही. शिवाय त्याच सुमारास जहाल कीटकनाशक फवारले, तर शत्रूबरोबर मित्रही मरतो.

म्हणून अंडे केवढे, एवढेच पाहून भागत नाही. ते कोणाचे, कोठे आणि किती दिवसांचे, हेही पाहिले पाहिजे. कापूसवाल्याच्या हाती जे तीन-चार दिवस असतात, ते या खसखशीएवढ्या अंड्यातच असतात.