जुने दप्तर नव्या दप्तरात नेताना



जुन्या वहीतला हिशेब नव्या वहीत उतरवणे आपल्याला नवे नाही. दुकानदार दिवाळीला करतो, शाळेत गुरुजी दर जूनमध्ये करतात. पण वही कित्येक पिढ्यांची असली, तिच्यात साऱ्या गावाच्या जमिनी असल्या आणि नवी वही म्हणजे संगणक असला, की काम अवघड होते. सगळे एका दिवसात न्यायचे की टप्प्याटप्प्याने? आहे तसे न्यायचे की दुरुस्त करून? मोठमोठ्या कंपन्या नि बँका याच प्रश्नावर अडतात. तो समजून घ्यायला आपल्याला लांब जायला नको. आपला सातबारा आहेच.

भोर तालुक्यातले पुणे-सातारा रस्त्यावरचे कामथडी घ्या, नाहीतर वेल्ह्याकडचे डोंगरातले एखादे गाव घ्या. गाव नमुना सात म्हणजे जमीन कोणाची, नमुना बारा म्हणजे तीत काय पिकले, आणि हक्कात बदल झाला की नोंद होते नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफारात. हाताने लिहिलेल्या उताऱ्याची स्वतःची एक भाषा होती. खातेदार वारला आणि वारसांची नोंद मंजूर झाली, की जुने नाव खोडायचे नाही. त्याला कंस करायचा आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक लिहायचा. तलाठ्याला हे कळे, गावातल्या जाणत्या माणसालाही कळे. संगणकापुढे बसवलेल्या पोराला ते कळेलच असे नाही. त्याच्या हातून कंस राहिला, की वारलेले आजोबा पुन्हा जमिनीचे मालक झाले म्हणून समजा!

दुसरी अडचण आकड्यांची. समजा, एका गटाचे क्षेत्र ९१ आर आहे आणि तीन भावांचे हिस्से सारखे आहेत. कोणीतरी कधीतरी प्रत्येकाच्या नावापुढे ३० आर लिहिले. बेरीज झाली ९०. कागदाने हे वर्षानुवर्षे चालवून घेतले, कारण कागद काही बेरीज करीत नाही. संगणक करतो आणि अडून बसतो. राहिलेला एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठ्याहून जरासा कमी. महामार्गालगत गुंठ्याला काय मोल आहे ते मी सांगायला नको. उतरवणाऱ्याने तो आर स्वतःच्या मनाने थोरल्याच्या नावावर टाकला, तर बेरीज जुळते, काम उरकते, आणि धाकट्याला ते कळते दहा वर्षांनी, जमीन मोजायच्या दिवशी.

म्हणून उतरवणे आणि दुरुस्त करणे ही दोन कामे वेगळी ठेवावी लागतात. आधी जसे आहे तसे उतरवायचे, चुकीसकट. मग चूक कोणती ते पाहायचे. उतरवताना झालेला लेखनप्रमाद असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १५५ प्रमाणे तहसीलदारांच्या आदेशाने तो दुरुस्त होतो. वाद मुळातच हक्काचा असेल तर त्याची वाट निराळी. संबंधितांचे ऐकून घेतल्यावाचून तो सुटत नाही. संगणकापुढच्या माणसाने न्यायाधीश व्हायचे नसते.

आता एकदम की हळूहळू? एकदम नेण्याचा मोह मोठा असतो, कारण दोन दप्तरे सांभाळायचा खर्च वाचतो. ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये शनिवार-रविवारच्या सुट्टीत पन्नास लाखांवर खातेदारांची खाती नव्या यंत्रणेवर नेली. सोमवार उजाडला तेव्हा असंख्य लोकांना स्वतःचेच खाते उघडेना. सुमारे १९ लाख लोकांना याचा फटका बसला, आणि डिसेंबर २०२२ मध्ये बँकेला ४ कोटी ८६ लाख पौंडांचा दंड झाला.

आपल्याकडे उलटी तऱ्हा झाली. संगणकावर उतारे चढले, पण हस्तलिखितही चालूच राहिले. ऐकायला हे सुरक्षित वाटते ना? पण नवा फेरफार एकात चढला आणि दुसऱ्यात राहिला, की खरा उतारा कोणता हेच कळेना. दोन दप्तरे बरोबर चालवायची ती पडताळ्यापुरती, ठरलेल्या मुदतीपुरतीच. पुढे हस्तलिखिताशी ताळा घेण्याची मोहीम निघाली, आणि २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचन झाले: उतारे गावासमोर मोठ्याने वाचायचे आणि ज्याची हरकत असेल त्याने तिथेच सांगायची. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. राज्यात सातबारे सुमारे अडीच कोटी, म्हणजे हा काही लहान पसारा नव्हे.

मला विचाराल तर या साऱ्या खटाटोपातले शहाणपणाचे काम चावडी वाचनाचेच. बेरीज चुकली हे यंत्र सांगेल. बेरीज बरोबर पण नाव भलत्याचे, हे फक्त बांधाला बांध असलेला शेजारीच सांगू शकतो. उणीव एवढीच, की भोर-वेल्ह्यातली कितीतरी नावे उताऱ्यावर आहेत आणि ती माणसे मुंबई-पुण्याला आहेत. असले वाचन जत्रेला किंवा मे महिन्यात, घरची माणसे गावात असताना ठेवावे.

हे आता उकरून काढायचे कारण म्हणजे आपली विकास सोसायटी. २०२२ मध्ये केंद्र सरकारने देशातल्या ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांचे व्यवहार एकाच धर्तीच्या संगणक प्रणालीवर आणायची योजना मंजूर केली. तुमच्या सोसायटीचे काम चालू असेल तर सभासद म्हणून सचिवांना विचारा: सुरुवातीची शिल्लक कोणत्या तारखेची धरली? ३१ मार्चच्या तपासणी झालेल्या ताळेबंदाशी ती जुळते का? प्रत्येक सभासदाला त्याच्या कर्जाचा आणि शेअर्सचा उतारा छापून देणार का? वारलेल्या सभासदांच्या खात्यांचे काय? आणि जुनी कीर्द-खतावणी कपाटातच राहणार ना?

गुरुजींना एक विनंती. तो छापील उतारा हातात पडेल तेव्हा गावातल्या म्हाताऱ्या माणसांना तो वाचून दाखवा. आकडा सावकाश सांगा, आणि त्यांच्या पासबुकाशी लावून पाहा.