हार्डडिस्क घेताना : वेग, आवाज आणि भरवसा
धंद्याची सारी अमानत जिच्यात, ती पेटी पारखून घ्या

एके काळी व्यापाऱ्याची पत त्याच्या लाल बांधणीच्या चोपडीत असे. आता रोजकीर्द, खातेवही, जीएसटीची बिले, उधारीची यादी, भरतकामाच्या मशीनची नक्षी, छापखान्यातील लग्नपत्रिका हे सारे तळहाताएवढ्या एका पेटीत जाऊन बसले आहे. ही पेटी म्हणजे हार्डडिस्क. संगणक घेताना आपले व्यापारी बंधू पडदा केवढा आणि किंमत किती एवढे विचारतात. ज्या भागात सारा धंदा साठवला जातो, तो मात्र विक्रेता देईल तसा घेऊन घरी येतात.

बेगडेवाडीसारख्या ठिकाणी हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. देहूरोड आणि घोरावाडी यांच्या मधले हे पुणे-लोणावळा लोकलचे छोटे स्टेशन. हार्डडिस्क बिघडली तर ती घेऊन पुणे गाठायचे म्हणजे निम्मा दिवस दुकानाचे शटर खाली. तेव्हा वस्तू घेतानाच पारखून घेणे शहाणपणाचे. पारख तीन गोष्टींची करावी : वेग, आवाज आणि भरवसा.

वेग कशावर अवलंबून?

जुन्या पद्धतीच्या हार्डडिस्कमध्ये तबकड्या फिरतात आणि त्यांच्यावरून काही नॅनोमीटर अंतराने वाचणारी सुई, म्हणजे हेड, सरकते. घरगुती आणि दुकानी संगणकांत तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते. ७२०० फेऱ्यांची पहिली हार्डडिस्क सीगेट कंपनीने १९९२ मध्ये 'बाराकुडा' या नावाने आणली. हवी ती माहिती हेडखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा जातो. ५४०० च्या डिस्कला त्यासाठी साडेपाच मिलिसेकंद लागतात, तर ७२०० च्या डिस्कला सव्वाचार. एका वेळी हा फरक नगण्य. पण संगणक सुरू होताना अशा हजारो हालचाली होतात आणि मग गिऱ्हाईक काउंटरवर ताटकळते.

आता फिरता भाग मुळीच नसलेली एसएसडी मिळते. साधी साटा जोडणीची एसएसडी सेकंदाला ५०० एमबीच्या आसपास माहिती वाचते. फिरती डिस्क बहुधा १०० ते २५० एमबीच्या टप्प्यात राहते. खरा फरक तर लहान लहान फाइली शोधण्यात आहे. म्हणून बिलाच्या संगणकात विंडोज आणि हिशेबाचा प्रोग्राम एसएसडीवरच असावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. लग्नाचे व्हिडिओ, फोटो, सीसीटीव्हीचे चित्रण अशा मोठ्या साठ्याला मात्र फिरती डिस्कच परवडते.

आवाज : त्रास आणि इशारा

फिरत्या डिस्कचा आवाज दोन प्रकारचा : तबकडीची घरघर आणि हेड सरकण्याची करकर. पूर्वी बॉल बेअरिंग असत, तेव्हा घरघर फार होई. २००० नंतरच्या दशकात तेलाच्या पातळ थरावर फिरणारी बेअरिंग रुळली आणि डिस्क बऱ्याच शांत झाल्या. तरीही जास्त फेऱ्यांची डिस्क अधिक गरम होते आणि अधिक आवाज करते. पत्र्याच्या डब्यात स्क्रू ढिले असतील तर थरथर डब्यात उतरते आणि आवाज दुप्पट वाटतो. स्क्रू घट्ट करून डिस्क रबरी वॉशरवर बसवली तर बराच फरक पडतो. एसएसडीला आवाज नाही. छोट्या खोलीत घर आणि काम एकत्र असणाऱ्या कारागिराला हे सुख मोठे आहे.

पण आवाज हा इशाराही असतो. कालपर्यंत शांत असलेली डिस्क आज ठरावीक अंतराने टकटक करू लागली, तर बहुधा हेड बिघडत आहे असे समजावे. अशा वेळी संगणक पुन्हा पुन्हा चालू-बंद करून पाहू नये. वीज बंद करावी आणि माहिती मोलाची असेल तर माहिती काढून देणाऱ्या जाणकाराकडेच जावे. झाकण तर कोणालाही उघडू देऊ नये. धुळीचा एक कण तबकडी ओरखडायला पुरेसा आहे.

भरवसा : नावावर जाऊ नका

'कोणती कंपनी चांगली?' हा प्रश्न सर्रास विचारला जातो. फिरत्या डिस्क बनवणाऱ्या कंपन्या आता तीनच उरल्या आहेत : सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. पण भरवसा कंपनीपेक्षा मॉडेलवर ठरतो. आयबीएम हे केवढे नाव! १९५६ मध्ये पहिली हार्डडिस्क त्याच कंपनीने बनवली. तिचेच '७५ जीएक्सपी' हे २००० सालचे वेगवान मॉडेल इतके बंद पडू लागले की, २००१ मध्ये अमेरिकेत ग्राहक कोर्टात गेले. सीगेटच्या ३ टीबीच्या एका मॉडेलचाही असाच बोभाटा झाला, तर तिच्याच ४ टीबीच्या डिस्कनी चांगली साथ दिली. हे आकडे बॅकब्लेझ ही अमेरिकन साठवण कंपनी २०१३ पासून मॉडेलवार प्रसिद्ध करीत आली आहे.

खोक्यावर 'दहा लाख तास' असे आयुष्य छापलेले असते. दहा लाख तास म्हणजे ११४ वर्षे! एकच डिस्क ११४ वर्षे चालेल असा त्याचा अर्थ नव्हे. हजार डिस्क वर्षभर चालवल्या तर सुमारे नऊ बंद पडतील, असा तो हिशेब आहे. आपली डिस्क त्या नवांत असेल की नाही, हे कोणीच सांगू शकत नाही.

डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते. 'क्रिस्टलडिस्कइन्फो' या मोफत प्रोग्रामने ती पाहता येते. खराब झालेल्या जागांचा आकडा वाढत असेल तर डिस्क लगेच बदलावी. मात्र या नोंदीवर विसंबूनही राहू नये. गूगलने २००७ मध्ये आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास जाहीर केला. त्यात बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी मुख्य नोंदींमध्ये कोणताही इशारा दिला नव्हता. एसएसडी तर पुष्कळदा एकाएकी मान टाकते.

विकत घेताना

पुण्याची बाजारपेठ असो वा मुंबईचा लॅमिंग्टन रोड, जीएसटीचे पक्के बिल घ्यावे आणि डिस्कवरील अनुक्रमांक बिलावर लिहून घ्यावा. तो क्रमांक कंपनीकडे तपासला म्हणजे भारतातील वॉरंटी कधीपर्यंत आहे ते कळते. डिस्क जोडल्यावर ती किती तास चालली आहे तेही पाहावे; नव्या डिस्कवर हजारो तास दिसले तर ती परत करावी. वापरलेल्या डिस्क नव्या म्हणून विकल्याची प्रकरणे २०२५ मध्ये जर्मनीतही उघडकीस आली. कॅमेऱ्यांसाठी डिस्क हवी असेल तर चोवीस तास लिहिण्यासाठी बनवलेली, सीसीटीव्हीचीच मागावी. मावळात पावसाळ्यात वीज वारंवार ये-जा करते. लिहिता लिहिता वीज गेली तर हिशेबाची फाइल बिघडते, म्हणून लहानसा यूपीएस घ्यावाच.

एक प्रत दुकानाबाहेर

वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, माहिती नाही. वॉरंटी बहुधा दोन ते पाच वर्षांची असते. उलट जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने, म्हणजे सहा वर्षे जपायचे असतात. म्हणजेच एका डिस्कच्या भरवशावर कायदासुद्धा पाळता येत नाही.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले. अशा पुरात महागडी डिस्क काय आणि स्वस्त काय, दोन्ही सारख्याच. म्हणून तीन प्रतींचा नियम पाळावा : एक संगणकात, दुसरी बाहेरच्या यूएसबी डिस्कवर आणि तिसरी दुकानाबाहेर, घरी किंवा क्लाउडवर. बाहेरची डिस्क कायम जोडून ठेवू नये. व्हायरस शिरला तर तीही जाते. दर जुम्याला दुकान बंद करताना प्रत काढण्याची सवय लावावी आणि महिन्यातून एकदा त्या प्रतीतील एखादी फाइल उघडून पाहावी. उघडत नसलेली प्रत म्हणजे नसलेलीच प्रत.

सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीच्या देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम आहे आणि लहानमोठी रक्कम म्हणून लिहिण्याचा कंटाळा करू नये असेही बजावले आहे. उधारीची यादी नाहीशी झाली तर आपले येणे बुडते एवढेच नव्हे. आपण कोणाचे देणे लागतो तेही विसरले जाते आणि जकातीचा हिशेबही चुकतो. लिहिणे जितके जरुरीचे, तितकेच लिहिलेले जपणेही जरुरीचे आहे. तेव्हा व्यापारी आणि कारागीर बंधूंना आमचे सांगणे एवढेच : वेगासाठी एसएसडी घ्या, साठ्यासाठी फिरती डिस्क घ्या, पण भरवसा दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रतीवर ठेवा. ती प्रत अजून काढली नसेल, तर येत्या जुम्याची वाट पाहू नका.