छोटा भीम आणि आमचा भीमराव

आठ-नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. विहारात १४ एप्रिलची तयारी चालली होती. एका ताईंनी चिमुकल्यांना विचारले, 'भीम कोण होते, सांगा बरे?' माझी साडेचार वर्षांची मुलगी ताडकन उभी राहिली आणि म्हणाली, 'लाडू खातो तो!' सगळे हसले. मीही हसलो. पण चूक लेकराची नव्हती. घरात रोज संध्याकाळी ढोलकपूर लागत होते आणि ते लावून देणारा मीच होतो. कोर्टातून दमून आलेल्या माणसाला अर्धा तास शांतता हवी असते.

'छोटा भीम' पोगो वाहिनीवर २००८ साली आला. गाव ढोलकपूर, गावाला राजा, राजाला राजकन्या. दांडगाई करणाऱ्या पोराचे नाव कालिया. काळा तो वाईट, हे मुलांना कोणी बसवून शिकवत नाही; रोज पाहून ते आपोआप डोक्यात जाते.

आता कोणी म्हणेल, आमच्या वेळचे दूरदर्शन किती छान होते! पांढरपेशांचे हे रडगाणे मला मान्य नाही. २५ जानेवारी १९८७ रोजी 'रामायण' सुरू झाले. धर्मनिरपेक्ष राज्यघटनेच्या सरकारी दूरदर्शनवर, ऐन रविवारी सकाळी. आमच्या वस्तीत तेव्हा टीव्ही एकच. विहारातला मुलांचा वर्ग नेमका त्याच वेळी असायचा. तो ओस पडू लागला, तेव्हा वडीलधाऱ्यांनी वर्गाचीच वेळ बदलली. ज्यांच्या आईवडिलांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या, ती आम्ही पोरे खराट्याच्या काड्यांचे बाण करून गल्लीभर धावत होतो. शंबूक कोण, हे मला कॉलेजात गेल्यावर कळले. त्याच दूरदर्शनवर १९८८ मध्ये श्याम बेनेगलांची 'भारत एक खोज' आली आणि तीत सदाशिव अमरापूरकरांनी महात्मा फुले उभे केले, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण त्या मालिकेसाठी वस्ती टीव्हीपुढे जमली नाही.

त्याच काळात 'होनी अनहोनी' ही भुताखेतांची मालिका दूरदर्शनवर लागायची. ती अंधश्रद्धा पसरवते म्हणून लोकविज्ञान संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि तिला अंतरिम मनाईहुकूमही मिळाला. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये तो रद्द केला. नुकसान होते याचा पुरावा कुठे आहे, हा न्यायालयाचा सवाल होता. वकील म्हणून मला तो निकाल समजतो. बाप म्हणून विचाराल तर पुरावा माझ्या घरातच फिरत होता. पुढे १९९४ च्या केबल टेलिव्हिजन नियमांत अंधश्रद्धेला उत्तेजन देणारे कार्यक्रम दाखवू नयेत, असे कलम आले. प्रसारणलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली सांगितले. जनतेत आपण येतो की नाही?

तरीही बंदीची मागणी करणाऱ्यांतला मी नाही. बंदीचे हत्यार उद्या आपल्यावरच उलटते. माझा प्रश्न वेगळा आहे. कृष्ण, हनुमान, गणेश यांची कार्टून निघतात, मग जातककथांची तितकी का नाहीत? त्यात हरिण आहे, माकड आहे, हत्ती आहे. चित्रकाराला आणखी काय हवे? मांग समाजातली मुक्ता साळवे फुल्यांच्या शाळेत शिकली आणि चौदाव्या वर्षी तिने लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. यापेक्षा शूर मुलगी ढोलकपुरात तरी आहे का? मुलांच्या वाहिनीवर ती मला आजवर दिसलेली नाही.

२०१९ मध्ये स्टार प्रवाहवर 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर – महामानवाची गौरवगाथा' सुरू झाली. ती मोठ्यांची मालिका, पण मुलगी माझ्या मांडीवर बसून पाहायची. एकदा तिने विचारले, 'बाबा, या भीमला वेगळे का बसवतात?' पक्षकारासाठी तासभर बोलणारा मी, त्या रात्री शब्द शोधत राहिलो. आजोबांच्या शाळेतली गोष्ट सांगितली. तिने टीव्ही बंद करायला लावला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावली.

आता टीव्हीही मागे पडला आहे. पोरांच्या हातात मोबाईल आला आणि तिथे केबलचे नियम चालत नाहीत. विहारातला वर्ग हल्ली रविवारी दहाला भरतो. मागच्या खेपेला सात मुले आली होती. त्यातल्या तिघांचे मोबाईल ताईंनी दाराजवळच्या टोपलीत ठेवून घेतले. चौथा माझ्या मुलाचा होता. तो त्याने खिशातून काढलाच नाही.