मीनाक्षी शिरोडकर : मराठी विनोदी बोलपटाची गाणारी नायिका

मीनाक्षी शिरोडकर या मराठी बोलपटाच्या पहिल्या दशकातील गायिका-अभिनेत्री. मास्टर विनायक यांनी दिग्दर्शित केलेल्या आणि आचार्य अत्रे यांनी लिहिलेल्या ‘ब्रह्मचारी’ (१९३८) या चित्रपटातून त्या पडद्यावर आल्या. त्या चित्रपटातील पोहण्याच्या पोशाखामुळे त्यांचे नाव आजही घेतले जाते. त्यांच्या कारकिर्दीची मोजदाद मात्र त्या एका पोशाखावर करणे अन्यायाचे आहे. आजच्या काळातली, शहरी, स्वतःच्या गळ्याने गाणारी आणि नायकाइतकाच विनोद पेलणारी नायिका मराठी पडद्यावर रुजवण्यात त्यांचा वाटा मोठा होता.

त्यांचा जन्म ११ ऑक्टोबर १९१६ रोजी झाला. माहेरचे नाव रतन पेडणेकर. लहानपणापासून त्यांना शास्त्रीय संगीताची तालीम मिळाली होती. चित्रपटाआधी त्यांनी नभोवाणीवरील नाटिकांत भाग घेतला. माइकपुढे शब्द कसा टाकायचा, हे तिथे उमगत असे आणि बोलपटाला नेमकी त्याचीच गरज होती. १९३६ मध्ये त्यांचा विवाह झाला. लग्न झालेल्या मध्यमवर्गीय घरातल्या स्त्रीने सिनेमात जाणे त्या दिवसांत सोपे नव्हते. दुर्गा खोटे यांनी ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) या पहिल्या मराठी बोलपटात तारामती साकारून ती वाट मोकळी केली होती, तरी लोकांच्या मनातला संशय गेला नव्हता. तारामती ही पुराणातली पतिव्रता होती. आधुनिक पोरीची भूमिका करायला अधिक धाडस लागणार होते.

ती संधी कोल्हापुरातून आली. ‘प्रभात’ कंपनीने १९३३ मध्ये आपला मुक्काम पुण्याला हलवला, तरी कोल्हापुरातली चित्रपटनिर्मिती थांबली नाही. मास्टर विनायक, बाबूराव पेंढारकर आणि छायालेखक पांडुरंग नाईक यांनी १९३६ मध्ये तेथे ‘हंस पिक्चर्स’ ही संस्था काढली. वि. स. खांडेकर यांच्या गंभीर सामाजिक कथा आणि अत्र्यांचा विनोद हे हंसचे दोन आधार होते. ‘साष्टांग नमस्कार’ आणि ‘लग्नाची बेडी’ या नाटकांनी अत्र्यांनी मराठी प्रेक्षकाला स्वतःच्याच खुळांवर हसायला शिकवले होते. ही शैली पडद्यावर उतरवायची, तर पौराणिक थाटात बोलणारी नायिका चालणार नव्हती.

‘ब्रह्मचारी’चा विषय त्या काळातल्या एका सार्वजनिक वेडाचा होता. औदुंबर (विनायक) हा साधा तरुण ब्रह्मचर्याच्या महतीवरचे व्याख्यान ऐकून भारावतो, सिनेमातल्या नट्यांची जमवलेली चित्रे टाकून देतो, व्यायामाच्या नादी लागतो आणि एका आचार्यांच्या संस्थेत दाखल होतो. तेथे त्याला किशोरी भेटते. ही भूमिका मीनाक्षींची. प्रेमकथेत पुरुषाने मागे लागायचे आणि स्त्रीने लाजायचे, हा नेहमीचा हिशेब अत्र्यांनी येथे उलटा केला. पळतो तो औदुंबर. पाठलाग करते ती किशोरी.

चित्रपटातील गाजलेला जलक्रीडेचा प्रसंग या उलट्या हिशेबातूनच आलेला आहे. किशोरी पोहण्याच्या पोशाखात पाण्यात उतरते आणि यमुनेतल्या कृष्णलीलेचा धागा धरून एक गाणे म्हणते. गाण्याचे शब्द अत्र्यांचे, चाल दादा चांदेकरांची. राधा-कृष्णाचे गाणे मराठी कानांना घरचे होते, ते गाणारी मात्र बिनबाह्यांच्या पोशाखातली आजची मुलगी होती. व्रत घेतलेल्या औदुंबराची त्रेधा त्यामुळेच उडते आणि हशा पिकतो. हा पोशाख काढून घेतला, तर प्रसंगाचा विनोदच उरत नाही. टीका करणाऱ्यांनी हे लक्षात घेतले नाही. चित्रपटावर पुष्कळ गदारोळ झाला आणि चित्रपटगृहांत गर्दीही लोटली. मराठी बोलपटात असा पोशाख घालणारी पहिली नायिका म्हणून मीनाक्षी ओळखल्या जाऊ लागल्या. हॉलिवूडमध्ये पोहणे आणि गाणे यांची सांगड घालून एस्थर विल्यम्स यांना प्रसिद्धी देणारा ‘बेदिंग ब्यूटी’ हा चित्रपट १९४४ चा, म्हणजे ‘ब्रह्मचारी’नंतर सहा वर्षांनी आलेला.

या प्रसंगाचे यश त्यांच्या गळ्यावरही उभे होते. पार्श्वगायनाची सोय १९३५ मध्ये कलकत्त्यात ‘न्यू थिएटर्स’ने वापरली होती, तरी मराठी चित्रपटात नायिकेने स्वतः गाणे हाच रिवाज होता. संगीत नाटकातली लांबलचक, ताना घेत रंगणारी पदे पडद्यावर कंटाळवाणी ठरत. ‘नाट्यमन्वंतर’ या नाट्यसंस्थेने १९३३ मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणून आटोपशीर भावगीताची गोडी लावली होती. मीनाक्षींचे गाणे या नव्या वळणाचे आहे. गाताना त्या संवादातून बाहेर पडत नाहीत. चेहरा खट्याळ, सूर जागच्या जागी आणि शब्द स्वच्छ. गवई थांबून गातो तशी ही नायिका थांबत नाही, आणि विनोदी चित्रपटात तेच मोलाचे असते.

पुढच्याच वर्षी विनायक-अत्रे जोडीचा ‘ब्रँडीची बाटली’ (१९३९) आला. मुंबई प्रांतात काँग्रेस मंत्रिमंडळाने दारूबंदी हाती घेतली होती आणि १ ऑगस्ट १९३९ पासून ती मुंबई शहरात लागू झाली. या ताज्या घडामोडीवर अत्र्यांनी प्रहसन रचले. दारूच्या वाऱ्यालाही न उभा राहिलेला बगाराम हा भोळा नगरपालिका कारकून ब्रँडीच्या बाटलीच्या शोधात भटकतो, एवढीच त्याची गंमत. बगारामच्या भूमिकेत दामूअण्णा मालवणकर होते आणि चित्रपट त्यांच्याच नावावर जमा झाला. मीनाक्षींची मालती ही बगारामच्या धडपडीचे कारण आहे. अशा भूमिकेत नटीने हास्याच्या मागे धावायचे नसते, समोरच्याला जागा द्यायची असते. मीनाक्षींना ती जाण होती.

त्याच वर्षी खांडेकरांच्या कथेवरच्या ‘देवता’त त्यांनी गंभीर भूमिका केली. अत्र्यांनी लिहिलेल्या ‘अर्धांगी’त (१९४०) त्यांच्यासोबत लीला चिटणीस होत्या. जुने वळण आणि नवी राहणी यांच्यातल्या ओढाताणीचा हा चित्रपट हिंदीत ‘घर की रानी’ म्हणून निघाला. हंसचे बरेच चित्रपट असे मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत तयार होत. त्यामुळे नटांना एकच प्रसंग दोन भाषांत, दोन वेगळ्या लयींत उभा करावा लागे. विनोदाला ही कसोटी फारच कठीण, कारण शब्द बदलला की हशाची जागाही सरकते.

१९४० नंतर हंसची मंडळी ‘नवयुग’ या चित्रपटसंस्थेत आली आणि पुढे विनायक यांनी ‘प्रफुल्ल पिक्चर्स’ काढले. त्या संस्थेच्या ‘माझं बाळ’मध्ये (१९४३) मीनाक्षी होत्या. वडील दीनानाथ यांच्या निधनानंतर घरचा भार घेतलेली लहान लता मंगेशकरही त्या चित्रपटात काम करत होती. १९ ऑगस्ट १९४७ रोजी विनायक यांचे अकाली निधन झाले आणि या शैलीचा आधार गेला. त्याच वर्षी ‘लोकशाहीर रामजोशी’ आणि ‘जय मल्हार’ या चित्रपटांना मोठे यश मिळाले. मराठी पडदा तमाशा आणि ग्रामीण कथांकडे वळला. नायिकेचे गाणे आता लावणीच्या ठेक्यावर आले. पांढरपेशा घरांतल्या ढोंगांवर हसणारा, नाजूक गाण्यांचा शहरी चित्रपट बाजूला पडला. मीनाक्षींच्या वाट्याला आलेला चित्रपटाचा काळ थोडका ठरला तो गुणांच्या उणिवेमुळे नव्हे. ज्या जातीच्या चित्रपटासाठी त्या घडल्या, तो चित्रपटच मागे पडला होता.

पुढे त्या रंगभूमीकडे वळल्या आणि संगीत नाटकांतून काम करत राहिल्या. पडद्यावर ज्या गळ्याला तीन-चार मिनिटांचीच मुभा होती, त्याला तेथे मोकळीक मिळाली. ३ जून १९९७ रोजी मीनाक्षी शिरोडकर यांचे निधन झाले. शिल्पा आणि नम्रता या त्यांच्या नाती पुढे हिंदी चित्रपटांत आल्या. नम्रता शिरोडकर १९९३ च्या ‘मिस इंडिया’ ठरल्या.