रिकाम्या खुर्चीची किंमत

सत्रपरीक्षा संपली त्या मंगळवारी आम्ही चौघे मित्र कोरेगाव पार्कमधील एका उंची हॉटेलात जेवून आलो. हॉटेलचे नाव सांगत नाही. आम्ही तेथे एरवीही जातो असा उगाच गैरसमज व्हायचा! जाहिरात होती ती अशी : सोमवार ते गुरुवार, दुपारी १२ ते ३, जेवणाच्या बिलावर ५० टक्के सूट. निघताना मनात एकच शंका होती, की कालचे उरलेले तर वाढत नसतील? अन्न ताजे होते आणि उत्तम होते. तेव्हा शंकेने तोंड फिरवले. अर्ध्या दरात हे परवडते, तर एरवी दुप्पट का घेतात? आणि परवडत नसेल, तर आमचे जेवण झाले कोणाच्या खिशातून?

उत्तर शोधायचे तर ताटापेक्षा खुर्चीकडे पाहावे लागते. मेनूकार्डावर १२०० रुपये किंमत असलेले जेवण घ्या. कच्च्या मालाचा खर्च विक्रीच्या ३० टक्क्यांच्या आसपास राखावा, असा या धंद्यातला सर्वसाधारण ठोकताळा आहे. म्हणजे पनीर, तेल, मसाले यांचे झाले ३६० रुपये. उरलेल्या ८४० रुपयांतून जागेचे भाडे, आचाऱ्यांचे आणि वेटरांचे पगार, वीज आणि मालकाचा नफा निघायचा. गंमत अशी की, गिऱ्हाईक आले नाही म्हणून यांतले बहुतेक खर्च थांबत नाहीत. मंगळवारी दुपारी आचारी हजरच असतो, भाडे चढतच असते. खुर्ची रिकामी राहिली तर त्या ८४० पैकी एक रुपयाही हाती लागत नाही, आणि मंगळवारची दुपार काही शनिवारी रात्री विकता येत नाही. त्याच खुर्चीवर ६०० रुपये देणारा विद्यार्थी येऊन बसला, तर ३६० वजा जाता २४० रुपये भाड्या-पगाराच्या कामी येतात. आमच्यावर कोणी उपकार केले नव्हते, हे कळून मला जरा हलके वाटले.

आमच्या खाणावळीच्या मावशींना मात्र हे जमायचे नाही. त्यांच्या ताटाच्या किमतीतला मोठा वाटा धान्य, भाजी आणि गॅस यांतच जातो. बसायला बाकडी, वाढायला त्या स्वतः. तिथे दर निम्मा केला तर पोळीच्या पिठाचेही पैसे सुटणार नाहीत. म्हणून खाणावळीत सूट नसते. फार तर खाडा धरतात, तोही आधी सांगितला असेल तर. निम्म्या दरात जेवू घालण्याची ऐपत त्यालाच, ज्याच्या किमतीत अन्नाचा वाटा थोडा.

अर्थात यात धोकाही आहे. पूर्ण दर देणारे नेहमीचे गिऱ्हाईक सवलतीत शिरले, की मालकाला ८४० च्या जागी २४० मिळणार. म्हणून अटींचे कुंपण घालावे लागते : रात्री नाही, शनिवार-रविवार नाही, पेयांवर नाही. मंगळवारी भरदुपारी निवांत जेवत बसण्याइतका वेळ विद्यार्थ्याजवळ असतो, कंपनीतल्या साहेबाजवळ नसतो. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी यातला ‘मूल्यभेद’ ओळखलाच असेल. ज्यूल द्युपुई या फ्रेंच अभियंत्याने १८४९ मध्ये रेल्वेविषयी असेच काही नोंदवून ठेवले आहे. तिसऱ्या वर्गाच्या डब्याला छप्पर घालण्याचा खर्च तो काय, तरी कंपन्या ते घालत नाहीत. कारण दुसऱ्या वर्गाचे भाडे देऊ शकणाऱ्याने तिसऱ्यात बसू नये! आमच्या सवलतीच्या अटी त्याच जातीच्या.

न्यूयॉर्कला जुलै १९९२ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे अधिवेशन भरले, तेव्हा टिम झगाट आणि जो बॉम यांच्या पुढाकाराने तिथल्या नामांकित हॉटेलांनी जेवण १९ डॉलर ९२ सेंटला दिले. साल तीच किंमत. ही सवलतही दुपारच्याच जेवणाला होती. पुढे त्या प्रयोगाचा रिवाज झाला. कुंपण नसले की काय होते, तेही आपल्याकडे दिसले आहे. झोमॅटोच्या ‘गोल्ड’ योजनेत २०१७ पासून वर्गणीदाराला एका पदार्थावर दुसरा फुकट मिळे. वर्गणी कंपनीकडे जाई, फुकटचे ताट हॉटेलवाल्याच्या माथी, आणि सवलत काही रिकाम्या वेळेपुरती नव्हती. ऑगस्ट २०१९ मध्ये गुरुग्राममधील हॉटेलवाले त्यातून बाहेर पडू लागले; ते लोण मुंबई-पुण्यापर्यंत आले.

आता आमच्या बिलाकडे वळतो. बसल्याबसल्या वेटरने विचारले होते, “साधे पाणी, की बाटलीचे?” आमच्यातल्या एकाने रुबाबात “बाटलीचे” म्हटले होते. बाटल्यांना सूट नव्हती. बिलात सूट वजा करून उरलेल्या रकमेवर ५ टक्के जीएसटी लावला होता, तो बरोबरच. खाली सेवाशुल्काचीही ओळ होती. ते सक्तीने लावता येत नाही, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये बजावले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरले. आम्ही ते काढायला सांगितले; व्यवस्थापकाने मुकाट्याने काढले. वेटर शेजारीच उभा होता.

मग टिपेचा प्रश्न आला. १० टक्के ठेवायची हे ठरले, पण कशाच्या? एकाने सवलत वजा जाता उरलेल्या रकमेवर हिशेब मांडलादेखील. आमचा चौथा मित्र लग्नसराईत केटरिंगवाल्याकडे वाढप्याचे काम करतो. तो इतका वेळ गप्प होता. म्हणाला, “का रे, त्यानं ताटं अर्धीच उचलली का?”

मेनूकार्डावरच्या रकमेचे १० टक्के ठेवले. त्यात रिक्षाचे पैसे गेले, आणि आम्ही भर उन्हात स्टेशनपर्यंत चालत आलो.