जुन्या ठेक्याची नवी तबकडी

अमेरिकेतील वा युरोपातील एखादी छोटी ध्वनिमुद्रण कंपनी आज ‘अंडरग्राउंड डिस्को’ आणि ‘पंक-फंक’ या वळणाची नवी तबकडी काढते, तेव्हा ती नवी वाटू नये याचीच अधिक काळजी घेतली जाते. चकती बारा इंची. वेष्टनावर १९८१ च्या सुमाराची ठसठशीत अक्षरे. ड्रमचा नाद कोरडा आणि उघडा. बेस गिटारची एकच ओळ पुनःपुन्हा फिरणारी. गायन असलेच तर घोषणेसारखे तुटक. प्रती काही शे. त्या संपल्यावर पुन्हा निघणार नाहीत, हेही बहुधा आधीच जाहीर केलेले असते. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा काळ असा नव्याने घडवून विकला जातो आणि त्या काळी ज्यांचा जन्मही झाला नव्हता, असे तरुण तो हौसेने विकत घेतात.

या प्रकारास स्मरणरंजन म्हणून हिणवणे सोपे आहे. परंतु अभिरुचीचा वाद बाजूला ठेवला, तरी हिशेबाचा प्रश्न उरतोच. संगीतातील शैली हेही एक भांडवल असते. ते कोणाच्या श्रमातून उभे राहिले आणि त्यावरचे व्याज आज कोणाच्या खात्यावर जमा होते, हे तपासल्याखेरीज या नव्या-जुन्या तबकड्यांचे खरे मोल ठरविता येणार नाही.

दिवाळखोर शहरातील संगीत

डिस्को म्हटले की मराठी वाचकास ‘कुर्बानी’ (१९८०) किंवा ‘डिस्को डान्सर’ (१९८२) या चित्रपटांतील झगमगाट आठवतो. न्यूयॉर्कमधील मूळ प्रवाह मात्र या झगमगाटापासून बराच दूर होता. १९७० मध्ये डेव्हिड मॅन्क्यूसो याने आपल्या राहत्या जागेतच निमंत्रितांसाठी नृत्याच्या रात्री सुरू केल्या. ‘लॉफ्ट’ या नावाने ती जागा ओळखली जाऊ लागली. पुढे १९७७ च्या सुमारास किंग स्ट्रीटवरील मोटारींच्या एका जुन्या गॅरेजात ‘पॅरडाइज गॅरेज’ उभे राहिले. तेथे दारू विकली जात नसे. येणाऱ्यांत कृष्णवर्णीय, लॅटिन अमेरिकी वंशाचे आणि समलिंगी तरुण मोठ्या संख्येने असत. इतरत्र ज्यांना दार उघडले जात नसे, त्यांचे हे हक्काचे ठिकाण होते.

हे शक्य झाले, त्यामागे एक रुक्ष आर्थिक कारण होते. कारखाने शहर सोडून गेल्यामुळे मॅनहॅटनच्या दक्षिण भागातील मोठमोठे मजले रिकामे पडले होते. १९७५ मध्ये तर न्यूयॉर्क शहराचे प्रशासनच दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर जाऊन पोहोचले. १९७० ते १९८० या दशकात शहराची लोकसंख्या सुमारे आठ लाखांनी घटली. त्यांपैकी सुमारे तीन लाखांची घट एकट्या ब्रॉन्क्स भागात झाली. साउथ ब्रॉन्क्समध्ये इमारतींमागून इमारती आगीत भस्मसात होत होत्या. शहराची ही पडझड हजारो कुटुंबांच्या मुळावर आली. परंतु तिच्यामुळेच निर्धन कलावंतांना परवडेल अशा भाड्याच्या जागाही उपलब्ध झाल्या. त्याच वस्तीत पंक संगीताचा राकट, मोडका बाणा आणि फंक व डिस्को यांचा नाचरा ठेका एकमेकांस भेटले. पंक-फंकचा जन्म हा असा आहे.

या संगीताच्या वाट्यास तिरस्कारही भरपूर आला. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्क मैदानावर, बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधल्या वेळात, प्रेक्षकांनी आणलेल्या डिस्को तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडविण्यात आला. तबकडी आणणाऱ्यास प्रवेश केवळ ९८ सेंटमध्ये होता. जमाव मैदानात घुसला आणि दुसरा सामना होऊच शकला नाही. त्या रात्री ज्या मालाची राख झाली, त्याच जातीचा माल आज संग्राहक जपून ठेवतात.

बारा इंचांचे गणित

तबकडीच्या आकारालाही अर्थ आहे. सात इंची तबकडीवर तीन-चार मिनिटांचे गाणे बसे. अधिक लांबीचे गाणे बसवायचे, तर खोबणी दाटीवाटीने कोरावी लागत आणि खालच्या पट्टीचा नाद क्षीण होई. चकती बारा इंचांची केली की खोबणींना ऐसपैस जागा मिळते. आवाज भारदस्त होतो आणि ठेका नऊ-दहा मिनिटे अखंड चालू राहू शकतो. १९७६ मध्ये सॅलसोल कंपनीने ‘टेन पर्सेंट’ हे गाणे या आकारात सर्वसामान्य ग्राहकांसाठी विक्रीस आणले. तोवर अशा तबकड्या मुख्यतः नृत्यगृहांत संगीत वाजविणाऱ्यांच्या हाती असत. नव्या तबकड्या आजही बाराच इंचांच्या निघतात, यामागे हौस आहे, तसे हे ध्वनिशास्त्रही आहे.

सोन्याची आशा

या सबंध व्यवहाराचा ताळेबंद पाहायचा, तर साउथ ब्रॉन्क्समधील स्क्रॉगिन्स भगिनींच्या ‘ईएसजी’ या वाद्यवृंदाकडे वळले पाहिजे. मुली रस्त्यावरच्या गैरप्रकारांपासून दूर राहाव्यात म्हणून त्यांच्या आईने त्यांना वाद्ये आणून दिली. वृंदाचे नाव पाचू, नीलम आणि सोने या शब्दांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ठेवलेले. पहिली दोन दोघी बहिणींची जन्मरत्ने; सोने मात्र विक्रमी खपाबद्दल मिळणाऱ्या सुवर्ण तबकडीच्या आशेचे. बेस, ढोल, काँगा आणि चार शब्द, एवढ्याच सामग्रीवर या मुली वाजवीत. मँचेस्टरच्या फॅक्टरी कंपनीसाठी मार्टिन हॅनेट या निर्मात्याने त्यांचे मुद्रण केले. फितीवर तीन मिनिटे शिल्लक होती, म्हणून त्यांनी ‘यूएफओ’ ही रचनाही वाजवून टाकली. १९८१ मध्ये ती प्रसिद्ध झाली. १९८२ च्या मे महिन्यात मँचेस्टरच्या ‘हासिएंडा’ या नृत्यगृहाच्या उद्घाटनाच्या रात्रीही याच भगिनी वाजविण्यास होत्या.

उरलेल्या फितीवरच्या त्या तीन मिनिटांचे तुकडे पुढे हिप-हॉपच्या असंख्य गाण्यांत जोडले गेले. बिग डॅडी केनसारख्या नामवंतांनीही ते वापरले. परंतु त्या वापराचा मोबदला बहुतांशी मूळ वादकांपर्यंत पोहोचला नाही. १९९२ मध्ये या भगिनींनी एक तबकडी काढली. तिचे नाव मराठीत सांगायचे, तर ‘नमुन्यांखालच्या नामोल्लेखाने आमची बिले भागत नाहीत’ असे होते. कीर्ती आणि उत्पन्न यांमधील अंतर इतक्या थोड्या शब्दांत क्वचितच कोणी सांगितले असेल.

ईएसजीच्या तबकड्या अमेरिकेत काढणाऱ्या ‘नाइंटीनाइन’ या छोट्या कंपनीची कथाही याहून सुखाची नाही. तिच्या ‘लिक्विड लिक्विड’ या वृंदाच्या ‘कॅव्हर्न’ या रचनेतील बेसची ओळ १९८३ मध्ये शुगरहिल कंपनीच्या ‘व्हाइट लाइन्स’ या गाजलेल्या गाण्यात उतरली. प्रकरण न्यायालयात गेले. निकाल छोट्या कंपनीच्या बाजूने लागला, पण प्रतिपक्षाचे दिवाळे निघाल्याने तो कागदावरच राहिला. दरम्यान ‘नाइंटीनाइन’ही बंद पडली. न्याय मिळविण्याचा खर्च मोठ्यास पेलतो. लहान माणूस त्या खर्चानेच मोडतो.

पुनरागमनाचा बाजार

आता आजचे चित्र पाहावे. अमेरिकेत २०२० मध्ये तबकड्यांच्या विक्रीचे उत्पन्न १९८६ नंतर प्रथमच सीडीच्या पुढे गेले. २०२२ मध्ये तबकड्या सुमारे ४ कोटी १० लाख, तर सीडी सुमारे ३ कोटी ३० लाख खपल्या. ल्युमिनेट या संस्थेच्या २०२३ मधील पाहणीनुसार तबकडी विकत घेणाऱ्या अमेरिकी ग्राहकांपैकी जेमतेम निम्म्यांकडेच ती वाजविण्याचे यंत्र होते. म्हणजे अनेकांच्या लेखी तबकडी ही ऐकण्याइतकीच बाळगण्याची वस्तू झाली आहे. मर्यादित प्रतींमुळे दुर्मिळता निर्माण होते आणि दुर्मिळतेतून किंमत.

तरीही या व्यवहाराकडे केवळ उपहासाने पाहणे अन्यायाचे होईल. इंटरनेटवर गाणे एकदा ऐकले गेले, तर कलावंताच्या हाती पैशाचा एखादा अंश पडतो. छोट्या कंपनीस काही शे तबकड्यांच्या विक्रीतून पुढच्या मुद्रणाचा खर्च निघू शकतो. नव्या पिढीने जुन्या शैलीत वाजवू नये, असेही म्हणता येत नाही. स्क्रॉगिन्स भगिनींनी तरी जेम्स ब्राउनच्या ठेक्यांतूनच स्फूर्ती घेतली होती. कायदा शैलीस संरक्षण देत नाही, हे योग्यच आहे. ठेक्यावर कर बसविला, तर संगीतच थांबेल. परंतु शैली उचलणे वेगळे आणि मुद्रित ध्वनीचा तुकडा उचलणे वेगळे. १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने विनापरवाना तुकडा वापरणे बेकायदा ठरविले, तोवर ‘यूएफओ’सारख्या रचनांचे व्हायचे ते नुकसान होऊन गेले होते.

उशिरा पोहोचलेल्या मोबदल्याचे एक उदाहरण मुंबईचेही आहे. हिंदी चित्रपटसंगीतातील वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये दहा राग इलेक्ट्रॉनिक वाद्यांवर डिस्कोच्या ठेक्यात वाजविले. ती तबकडी त्या वेळी कोणी फारशी विचारली नाही. २०१० मध्ये एका डच कंपनीने ती पुन्हा प्रसिद्ध केली, तेव्हा युरोपातील श्रोते चकित झाले आणि सत्तरीतल्या सिंगांना परदेशी रंगमंचांवरून बोलावणी आली. २०१५ मध्ये ते निवर्तले. सुमारे तीन दशकांनी का होईना, दाद त्यांच्या हयातीत पोहोचली, हे त्यांचे भाग्य. असे भाग्य सर्वांच्या वाट्यास येत नाही.

म्हणून जुन्या ठेक्यावर नवी तबकडी काढणाऱ्यांकडून अपेक्षा करावी, ती साधी आणि व्यवहाराची आहे. जुन्या मुद्रणाचा अंश वापरला असेल, तर लेखी करार करावा, नाव छापावे आणि वाटा द्यावा. जुनी तबकडी पुन्हा काढताना मूळ वादकांचा शोध घ्यावा, शक्यतो ते हयात असताना. खर्च वजा जाता उरलेला नफा वादक व कंपनी यांनी निम्मा-निम्मा वाटून घ्यावा, अशी रीत फॅक्टरी कंपनीने त्या काळीच पाडली होती. १९८१ चे वेष्टन हुबेहूब उतरविणाऱ्यांना ती रीत उतरविणे अवघड जाऊ नये. ग्राहकानेही तबकडीच्या पाठीवरचा मजकूर एकदा वाचून पाहावा. ज्या सोन्याच्या आशेने साउथ ब्रॉन्क्समधील मुलींनी आपल्या वृंदाचे नाव ठेवले, त्यातील काही गुंजा तरी त्यांच्या घरी पोहोचल्या की नाहीत, हे तेथेच कळेल.